भिंतीकडचा पाट

केळवणाच्या दिवशी सकाळी अंबिकाकडे दोन गोष्टी शिजत होत्या. गॅसवर पुरण आणि तिच्या पोटात एक थाप. पुरणाची तिला काळजी नव्हती.

थाप काल दुपारची होती. जामखेडहून जयाचा, तिच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला होता. "अनन्याच्या केळवणाला येते मी," जया म्हणाली, आणि अंबिकाला आनंद व्हायला सुरुवात होते न होते तोच पुढचं आलं. "पण कुंदे, आधीच सांगून ठेवते. तुझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, ती बुवाबाजी होती म्हणून. त्याशिवाय मी पानावर बसायची नाही. आल्या पावली परत जाईन."

"म्हणतील की. त्यात काय एवढं?" अंबिका बोलून गेली.

फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते तिच्या ध्यानात आलं. शामकांत निवृत्त मुख्याध्यापक होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच चूक कबूल केली होती, आणि तीसुद्धा शिपायाच्या वतीने.

जयाने नगरजवळच्या केडगावच्या या घरात पाऊल ठेवून दहा-अकरा वर्षं झाली होती. आज ती दारातून परत गेली तर पुन्हा यायची नाही, हे अंबिकाला पुरतं ठाऊक होतं. मग तिला कुंदा म्हणणारं या जगात कुणी उरणार नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं ते नाव लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहून मोडीत काढलं गेलं होतं, आणि एकटी जया ते अजून हट्टाने वापरत होती.

सकाळी चहाबरोबर अंबिकाने शामकांतांना अट सांगितली. त्यांनी पेपर खाली न करता "बघू" म्हटलं. शामकांतांचं 'बघू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गच्चीवर पत्रे टाकायचं त्यांनी 'बघू' म्हटलं होतं, त्याला आता पोरांची शिक्षणं होऊन गेली.

"आई, आज भांडण नको हं," जायफळ किसता किसता अनन्या म्हणाली. "धवलच्या आईंना मी सांगितलंय की आपण सगळे योगाच्या क्लासला जायचो."

"इतकी वर्षं?"

"ॲडव्हान्स्ड कोर्स म्हटलं." अनन्याने बोटाला लागलेलं जायफळ पुसलं. "आणि त्यांनी लग्नात ठेवायला नाव सुचवलंय माझ्यासाठी. स्वरूपा."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू म्हटलं."

अंबिकाचं लाटणं थांबलं. बापाचा शब्द पोरीच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं नाही. पण तव्यावरची पोळी करपायला लागली होती, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

अनन्या ज्याला योगाचा क्लास म्हणत होती त्याचं खरं नाव निवांत मार्ग. निवांतमहाराजांचं सांगणं एका वाक्यात मावण्यासारखं होतं: राग सोडा. बाकी सगळं त्या वाक्याच्या आजूबाजूला वाढत गेलं. भेटल्यावर 'निवांत' म्हणायचं, निरोप घेतानाही 'निवांत' म्हणायचं, कुणी काही सांगितलं की त्यालाही 'निवांत' म्हणायचं. मार्गातली माणसं ती निवांत, बाहेरची ती तप्त. आणि जेवताना कुणाला राग आलाच, तर त्याने मुकाट्याने आपला पाट उचलून भिंतीकडे वळवायचा, ताट पुढ्यात ओढायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. जेवण होईतो बोलायचं नाही, उठायचं नाही. लागेल ते इतरांनी वाढायचं.

आश्रमात पंगतीला भिंतीकडे तोंड केलेली एक अख्खी रांगच असायची, आणि ती बहुतेक बायकांची. घरी अनन्याचा भाऊ अनिमेष लहानपणी इतका वेळ भिंतीकडे असायचा की पाहुण्यांना तो पाठीवरून ओळखू यायचा. लग्नासाठी घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं होतं, "वहिनी, हितं खाली खालीच आमटीचे डाग कसे काय?" अनन्याने त्याला सांगितलं, लहान मुलं होती. ते तसं खोटंही नव्हतं.

एवढा मोठा मार्ग बुडाला तो मात्र एका टोलनाक्यावर. गाडी फुकट सोडत नाहीत म्हणून निवांतमहाराज खाली उतरले आणि त्यांनी तिथल्या पोराच्या कानाखाली जाळ काढला. वर आईबहिणीवरून जे काही बोलले ते मागच्या गाडीतल्या कुणीतरी मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर फिरलं. महिन्याभरात आश्रमाला कुलूप लागलं आणि महाराज कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. अंबिकाने तो व्हिडिओ बाथरूममध्ये आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला होता. तिला त्यात एक प्रकारचा आनंद मिळाला, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून घरात एकच वाद जिवंत होता. अनिमेष त्या सगळ्याला 'कल्ट' म्हणायचा. पुण्यात नोकरीला लागल्यावर त्याला हा शब्द सापडला होता आणि त्याला तो फार आवडला होता. शामकांत 'संप्रदाय' म्हणायचे. गुरू चुकला म्हणून मार्ग चुकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जामखेडहून जया फोनवर 'बुवाबाजी' म्हणायची. अंबिकाला कुणी विचारलं नव्हतं.

रिक्षा दाराशी थांबली तेव्हा अंबिका हात पुसत बाहेर आली. रिक्षातून जया उतरली. पांढरे झालेले केस, तीच ताठ मान. आणि तिच्या मागून तिची पिशवी घेऊन कारभारी उतरले.

कारभारी जामखेडकडच्या ज्या गावचे, तिथल्या शाळेवर शामकांत कितीतरी वर्षं होते. कारभारींना मार्गात आणलं शामकांतांनी, आणि त्यांच्यामागे अर्ध्या गावाला. अनन्याला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे त्यांना आमंत्रण होतंच. पण त्यांनी नेमकी जयाचीच एसटी पकडावी?

"वहिनी, निवांत!" कारभारी म्हणाले. "ह्या ताई माझ्याच शेजारी बसल्या हुत्या. माळीवाडा स्टँडवर उतारलो आन् दोघं बी केडगाव म्हनलो. मंग पत्ता बी योकच निगाला!"

"रस्ताभर मला मार्ग समजावून सांगत होते," जया कोरडेपणाने म्हणाली. "महाराजांनी यांची दारू कशी सोडवली ते कडा गाव सोडल्यावर सुरू झालं, ते नगर आलं तरी संपलं नव्हतं."

"लई शांत ऐकून घेतलं ताईंनी," कारभारी कौतुकाने म्हणाले. "मी म्हनलं बी, ताई तुमी मार्गात शोबल्या असत्या."

जयाने अंबिकाकडे पाहिलं. अंबिकाने घाईघाईने पिशवी घेतली.

आत माजघरात पाट मांडले होते, ताटांभोवती रांगोळी होती. मधल्या पाटावर अनन्या, तिच्या एका बाजूला अनिमेष, दुसऱ्या बाजूला मावशीसाठी पाट. समोर शामकांत आणि कारभारी. एक पाट अंबिकाचा, पण तो नावापुरता. वाढणाऱ्या बाईचा पाट नेहमी रिकामाच असतो.

"या ताई, बसा," शामकांत म्हणाले. आवाज अगदी समारंभाचा.

जया पाटामागे उभी राहिली. भिंतीला टेकली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "कुंदाने सांगितलंय ना तुम्हाला?"

"जेवण तर होऊ दे."

"जेवणाआधीचं बोलणं आहे ते."

"मावशी बरोबर बोलतेय," अनिमेष म्हणाला. भजं त्याच्या तोंडात होतं. "आज एकदाचा निकाल लागू दे. बाबा, कल्ट कशाला म्हणायचं याचे प्रश्न ठरलेले आहेत. मी विचारतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा." त्याने मोबाईल मांडीवर घेतला. "नेत्याला प्रश्न विचारायची मुभा होती का?"

"अर्थात होती. दर गुरुवारी."

"आणि उत्तरं?"

"उत्तर देण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती."

अनन्याने वरणभातात तोंड लपवलं. पोळीचं ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या अंबिकालाही हसू आवरेना.

"माणसांची नावं बदलायचे का?"

"दीक्षानाम असतं. सगळ्या मोठ्या परंपरांमध्ये असतं. मी प्रशांतदास होतो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही."

"मी शीतलदास," कारभारी म्हणाले. "गावातली पोरं कुल्फीवाला म्हनायची. म्हनू द्या म्हनलं. राग न्हाई ना करायचा!"

"पहाटे उठवून दिवसभर फुकट काम?"

"त्याला सेवा म्हणतात."

"काय खायचं, काय ल्यायचं, कुठे जायचं, हे सगळं दुसरं कुणी ठरवायचं?"

"अरे, हे सगळं माझ्या शाळेलाही लागू पडतं!" शामकांत म्हणाले. आपण एक चांगला मुद्दा काढला, हे त्यांना स्वतःलाच आवडलेलं दिसत होतं. "उद्या शाळेला कल्ट म्हणशील."

"माझ्या लग्नालाही लागू पडतं," अंबिका म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अंबिकाने अनन्याच्या ताटात पोळी टाकली, त्यावर तूप सोडलं आणि पुढे सरकली. "बघ ना. नाव बदललं. पहाटे उठायचं. काम फुकट. लुगडं कुठलं नेसायचं ते सासूबाई ठरवणार, माहेरी कधी जायचं ते सासरे ठरवणार. मी मार्गात गेले तेव्हा मला फारसं वेगळं असं काही वाटलंच नाही. तिथे निदान गुरुवारी प्रश्न विचारता यायचा."

जया खो खो हसली. अनिमेषही हसला. कारभारींना हसावं की नाही कळेना, म्हणून त्यांनी कुरडई मोडली. अनन्या मात्र हसली नाही. ती आईकडे बघत राहिली.

"झाली थट्टा?" शामकांत म्हणाले. "ताई, आता बसा."

जया बसली नाही. "अनिमेष, पुढचा प्रश्न वाच."

अनिमेषने वाचला, आणि वाचता वाचताच त्याचा आवाज खाली आला. "बाहेरच्या माणसांशी, नातेवाइकांशी, संबंध तोडायला लावायचे का?"

जयाला मार्गाने तप्त ठरवलं होतं, हे कारभारी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिचा गुन्हा एवढाच की एकदा ती अंबिकाबरोबर आश्रमात गेली होती आणि तिने भर सत्संगात विचारलं होतं, महाराजांना राग येत नाही तर सगळे त्यांना घाबरतात कशाला? त्यानंतर घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं.

"याचं उत्तर द्या, शामकांतराव."

"ताई, तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा नव्हता. माझा नवरा वारला होता." जयाने हाताची घडी सोडली नाही. "मी स्वतः फोन केला इथे. तुम्ही उचललात. तुम्ही म्हणालात, सांगतो तिला. लोक म्हणत होते, उचला आता, ऊन चढलंय. मी त्यांना म्हणत होते, थांबा, माझी बहीण निघालीय नगरहून. किती वेळ थांबवलं मी लोकांना! शेवटी दीर म्हणाले, वहिनी, कुणी येत नाही."

कारभारींनी घास ताटात ठेवला. "सर? तुमी सांगितलंच न्हाई वहिनीस्नी?"

उत्तर दिलं ते अंबिकाने, पोळ्यांच्या ताटाकडे बघत. "महाराजांचं मौन चालू होतं. तप्त माणसाच्या घरी जायला त्यांची परवानगी लागायची. मला तेरावं झाल्यावर कळलं."

"तेच म्हणा एकदा," जया शामकांतांना म्हणाली. "ज्यात असं होतं त्याला काय म्हणतात, ते तुमच्या तोंडाने म्हणा. मला दुसरं काही नको."

अंबिकाने पाहिलं, शामकांतांचे ओठ हलले. त्यांना म्हणायचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला तेवढं कळत होतं. पण त्यांची नजर बाजूला गेली, कारभारींकडे, आणि तिथेच अडकली.

"मला यांच्यासमोर नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "या माणसाने माझ्या शब्दावर दारू सोडलीय. यांच्यासारख्या किती जणांना मी हाताला धरून नेलं. मी आज तो शब्द वापरला तर या सगळ्यांना मी काय केलं?"

"व्हय सर, नका म्हनू," कारभारी कळवळून म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. महाराज कसं निगाले ते आमाला बी कळलं. पन मार्ग खोटा म्हनू नका. मी त्याच्यावरच हुबा हाय. बायकू सविता अजून बी रोज रातच्याला माझं तोंड हुंगती. ते खोटं म्हनलात तर मी कशावर हुबा ऱ्हाऊ?"

"म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला माहितीय, बाबा!" अनिमेष ताडकन म्हणाला. "फक्त लाज वाटतेय म्हणून—"

"गप्प बस!"

शामकांतांनी ताटावर हात आपटला. आमटीची वाटी कलंडली आणि कट रांगोळीवरून पसरला. "अक्कल शिकवतोस मला? कार्ट्या, तुला काय माहीत, मी काय काय—" त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. शाळेच्या तीन इमारती ज्या आवाजाला घाबरायच्या, तो आवाज या घराने कधीच ऐकला नव्हता.

मग ते थांबले. उठले. वाकून त्यांनी स्वतःचा पाट उचलला आणि भिंतीकडे वळवला. ताट ओढून पुढ्यात घेतलं, आणि सगळ्यांकडे पाठ करून, नव्या कोऱ्या रंगाच्या भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसले. पोळीचा तुकडा मोडला.

"बाबा?" अनन्या हळूच म्हणाली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हातातला तुकडा तसाच राहिला आणि त्यांची मान मागून लाल होत गेली. इतकी वर्षं ज्याला संप्रदाय म्हणून छातीठोकपणे सांगितलं, तो असा सगळ्यांसमोर त्यांना उचलून भिंतीकडे बसवून गेला होता. अनिमेषने मोबाईल उलटा ठेवला. जिंकल्यासारखं त्याला मुळीच वाटत नसावं. त्याचा चेहरा लहानपणी भिंतीकडे जाताना व्हायचा तसा झाला होता.

"फोन मी घेतला होता," शामकांत भिंतीला म्हणाले. "ही स्वयंपाकघरात होती. दोन पावलांवर. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, परवानगी घ्यावी. मी, मुख्याध्यापक. साडू गेला हे बायकोला सांगायला मला परवानगी लागली. ताई, त्याला तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

"मी म्हणतेच आहे," जया म्हणाली. "तुम्ही म्हणायचं आहे. आणि भिंतीला सांगू नका."

पण शामकांत वळेनात. पाठ तशीच. आणि त्या पाठीकडे बघता बघता अंबिकाला राग आला.

भिंतीकडे बसलं की काय सुख असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कुणाचं तोंड बघावं लागत नाही. कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. आणि पुढ्यात गरम गरम येत राहतं.

तिने पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. "अहो, उठा तिथून. ती जागा माझी आहे."

शामकांतांनी अर्धी मान वळवली.

"इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं का, मला पुरणपोळीच्या दिवशीच हटकून राग कसा यायचा ते? होळीला यायचा, पोळ्याला यायचा. कारण भिंतीकडे बसलेल्या बाईने उठायचं नसतं. तिला इतरांनी वाढायचं असतं. तव्यावरची पोळी मी या घरात खाल्ली ती तेवढीच. सगळे म्हणायचे, अंबिकाताईंना अजून राग जिंकता येत नाही. मी मान खाली घालून जेवायची, तूप ओरपत."

"आई!" अनन्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"थांब. माझं व्हायचंय." अंबिकाने पदर खोचला. "खोटे राग मी शंभर केले. खरा राग यायला हवा होता तो एकाच दिवशी. यांनी मला सांगितलं, भाऊजी गेले, तेरावं झालं. मी यांच्याकडे बघितलं आणि मी काय म्हणाले, आठवतंय तुम्हाला? 'निवांत' म्हणाले. माझ्या बहिणीचं कुंकू गेलं, आणि मी 'निवांत' म्हणून भात लावायला गेले. ते मी विसरत नाही. तो राग आज आलाय. आणि मी भिंतीकडे बसणार नाही."

शामकांतांची जागा रिकामीच होती. अंबिकाने आपला नावापुरता पाट उचलला, तिथे सांडलेल्या आमटीवरच टाकला आणि सगळ्यांकडे तोंड करून बसली.

"मला कुणी विचारलं नाही, पण सांगते. बुवाबाजीच होती. एक बुवा आश्रमात होता आणि एक घरात. आश्रमातला पळून गेला."

बाहेर पुणे रस्त्यावरून हॉर्न वाजवत ट्रक गेला. आपण फार बोललो, असं अंबिकाला वाटून गेलं. मग वाटलं, नाही, पुरेसंच बोललो.

पाट घासल्याचा आवाज झाला. शामकांत वळले होते. चेहरा ओढलेला होता आणि मिशीला पुरणाचा कण चिकटलेला होता, पण ते सगळ्यांसमोर होते. आधी ते जयाकडे बघणार असं अंबिकाला वाटलं होतं. त्यांनी कारभारींकडे पाहिलं.

"कारभारी, बुवाबाजी होती ती. मी तुम्हाला तिच्यात नेलं. मला वाटत होतं, मी चांगलं करतोय. पण होती ती बुवाबाजीच." मग मान वर करून, "ताई, बुवाबाजी होती. आणि फोन मी दाबून ठेवला, महाराजांनी नाही."

जयाने डोळ्यांना पदर लावला. पण सगळ्यांचं लक्ष कारभारींकडे होतं. ते ताटाकडे बघत बसले होते. बराच वेळ त्यांनी कुरडईचा एक तुकडा बोटाने इकडून तिकडे केला.

"म्हंजी महाराजांत काय बी नव्हतं?"

"नव्हतं."

"दारू सुटावी म्हनून तुमी हाताला बांधलेल्या त्या गंड्यात बी न्हाई?"

"नाही हो. शिवाजी चौकातल्या दुकानातनं आणायचो ते मी."

कारभारींनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं, ते काय होतं हे अंबिकाला लगेच कळेना.

"मंग दारू मीच सोडली म्हनायची," ते म्हणाले.

"तुम्हीच सोडली, काका," अनिमेष म्हणाला.

"आयला!" कारभारी सरळ होऊन बसले. "सविताला सांगाया पायजे. ती रोज महाराजांचं नाव घिऊन माझ्यावर उपकार चढवती."

जया रडता रडता हसली, आणि हसता हसताच पुढे आली. अनन्याशेजारचा आपला पाट तिने पायानेच सरकवत अंबिकाजवळ आणला. "सरक गं कुंदे. केवढी जागा अडवलीस." ती टेकली, तिचा गुडघा अंबिकाच्या गुडघ्याला लागला, आणि अंबिकाला हुंदका आला. तो तिने दाबला नाही.

"आता मला वाढा," नाक पुसत ती म्हणाली. "गरम."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाढणारी बाईच पानावर बसल्यावर वाढणार कोण, हा प्रश्न या घरात आजवर आला नव्हता. मग शामकांत गुडघ्यावर हात देऊन उठले, धोतराचा सोगा खोचला आणि स्वयंपाकघरात गेले. तवा सरकल्याचा आवाज आला. नंतर एका झाकणाचा, नंतर दुसऱ्याचा. कुठलासा डबा खाली पडला.

"अगं," आतून हाक आली, "तूप कुठे असतं?"

तूप ओट्यावर होतं, नेहमीच्या जागी, डोळ्यांसमोर. अनन्या सवयीने उठायला लागली. अंबिकाने समोरूनच हाताने तिला थांबवलं.

"बस," ती म्हणाली. "शोधू देत."